खंडेनवमीची बॅट

मला प्रवासाची हौस नाही, हे आधीच सांगून टाकते. माझे गुडघे सत्तावन्न वर्षांचे आहेत, आणि एसटीत बसले की ते सत्तरचे होतात. तरी गेल्या नवरात्रात मी पुण्याहून बीड जिल्ह्यात जाऊन आले आणि तीन दिवस राहिले. आमच्या ओळखीतलं कुणी तिकडे सहसा जात नाही. गेलंच तर बदली झाली म्हणून, तोंड पाडून जातं. मी गेले ते माझ्या स्वतःच्या बढाईपायी. आता गेलेच होते तर लिहून तरी टाकते.

सोबत एक कोरियन बाई होती. हान मि-जा, वय एकसष्ट, उंचीनं माझ्या खांद्याएवढी, चालायला माझ्या दुप्पट. पुण्याजवळच्या एका कोरियन कारखान्यात मी बावीस वर्षं दुभाषी होते. तिथल्या एका इंजिनियरची ही थोरली बहीण, दोन महिने भावाकडे आलेली. भाऊ दिवसभर कामावर, तेव्हा तिला फिरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कोरियन बायका थोरल्या बहिणीला 'ओन्नी' म्हणतात, मीही म्हणायला लागले. दुसऱ्याच दिवशी तिनं सांगितलं की ती टेबल टेनिस खेळायची, आणि अकरा वर्षं देशाच्या शिबिरात होती. झालं! मी एवढंच ऐकलं आणि पुढचं मनानंच भरलं.

त्याच संध्याकाळी नंदाचा फोन आला. नंदा आणि मी औरंगाबादला होस्टेलात एका खोलीत राहायचो, तिथल्या डुगडुगत्या टेबलावर तासन्‌तास खेळायचो. आता ती लिंबागणेशजवळच्या तिच्या गावी दूध संस्थेची सचिव आहे, आणि संस्थेच्या हॉलमध्ये वीस वर्षं पोरींना टेबल टेनिस शिकवते. मी तिला म्हटलं, "अगं, कोरियाच्या संघातली बाई आहे माझ्याकडे. जग फिरलेली. घरभर पदकं असतील."

 मग नंदा म्हणाली, "सुमे, पाया पडते तुझ्या. घेऊन ये तिला."

लिंबागणेशचा फाटा

जामखेड सोडलं आणि बाहेरचा रंग उडाला. पावसानं त्या वर्षी जुलैतच पाठ फिरवली होती. कापूस गुडघ्याला लागत नव्हता, तूर तर जमिनीतून वर यायलाच कंटाळलेली. ओन्नी खिडकीशी बसून एकेक पूल मोजत होती. पाटोद्यानंतर तिनं विचारलं, "पूल आहेत. नद्या कुठे आहेत?" मी म्हटलं, पुलाखाली बघ. पुलाखाली सावलीला शेळ्या बसल्या होत्या.

फाट्यावर उतरलो तर समोर फ्लेक्स. दहा फुटी. एका बाजूला दूध संस्थेच्या चेअरमनचा हात जोडलेला फोटो, दुसऱ्या बाजूला ओन्नीचा, मीच पाठवलेला, बागेत आइस्क्रीम खातानाचा. मध्ये लाल अक्षरांत: 'विश्वविजेत्या टेबल टेनिसपटू मा. मिजाताई हान (कोरिया) यांचे सहर्ष स्वागत.'

"काय लिहिलंय?" ओन्नीनं विचारलं.

मी सांगितलं. दुसरं काय करणार? ती फ्लेक्सकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "विश्वविजेती कोण?"

"तू."

"मी देशासाठी एकही सामना खेळलेले नाही," ती म्हणाली.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तिथे, त्या फाट्यावर, रसवंतीच्या बंद टपरीपुढे कळलं. ती तिच्या शांत आवाजात सांगत गेली. सोळाव्या वर्षी ती एका कापडगिरणीच्या संघात लागली. गिरण्या-कंपन्यांचे संघ असायचे, मुली वसतिगृहात राहायच्या, सकाळी गिरणीत आणि दुपारपासून टेबलावर. तिथून देशाच्या शिबिरात. पण तिला निवडलं होतं ते नक्कल करायला. दुसऱ्या देशाच्या ज्या खेळाडूंची भीती, त्यांचा खेळ ती उचलायची. तसाच हात, तशीच सर्व्हिस, तशीच फिरकी. मग खऱ्या संघातल्या मुली तिच्याशी खेळून सराव करायच्या. आज ही, उद्या ती. मुली विमानात बसून जायच्या, मि-जा शिबिरात राहायची. असं अकरा वर्षं.

"पदक?" मी विचारलं. मूर्खासारखं.

"त्यांना मिळाली. चांगली मिळाली," ती म्हणाली, आणि खरंच अभिमानानं म्हणाली.

तेवढ्यात नंदा जीप घेऊन आली, गळ्यात पडली, आणि मला खरं सांगायला तोंड उरलं नाही.

संस्थेचा हॉल गावाच्या टोकाला आहे. खाली दूध संकलन, मापं, फॅट काढायचं मशीन. लागून पत्र्याचा लांब हॉल, त्यात दोन टेबलं. नंदानं कुलूप काढता काढता सगळं सांगून टाकलं. दुष्काळ पडलाय, संस्थेनं सभासदांच्या जनावरांसाठी सरकी पेंड आणि कडब्याची कुट्टी आणायचं ठरवलंय. ते ठेवायला छप्पर एकच, हे. उद्या खंडेनवमी, सगळे घरी असतात म्हणून दुपारी सभा ठेवलीय. सभेत ठराव झाला की टेबलं बाहेर.

"पाऊस पडेपर्यंतच, असं म्हणतात चेअरमन," नंदा म्हणाली. "पण आत गेलेलं पोतं बाहेर येतं का गं? म्हणून तर हिला बोलावलं. विश्वविजेती बाई चार शब्द बोलली, दोन फटके मारले, तर लाजेकाजेनं तरी राहील हॉल. माझ्या रुक्मिणचं राज्य स्पर्धेला नाव लागलंय. पुढच्या दोन महिन्यांत तिला सराव नसला तर मेलीच ती."

हे सगळं मी ओन्नीला सांगितलं. ती हॉलभर फिरली, टेबलावर तळवा फिरवून बघितला. "आमच्या गिरणीनं संघ बंद केला, तेव्हा हॉलमध्ये सुताचे गठ्ठे ठेवले होते," ती म्हणाली. "थोड्या दिवसांसाठी."

"मग?"

"अजून आहेत."

मी तिला विनवलं की उद्या फक्त खेळ, बोलायचं माझ्यावर सोड. 

रुक्मिण पंधरा वर्षांची, वाळलेल्या शेंगेसारखी किडकिडीत. घरी दोन म्हशी आणि पंचवीसेक मेंढरं. बाप मेंढरं घेऊन गोदाकाठी, गेवराईकडे गेलेला, चारा असेल तिथे. तिच्या आईनं, सुभद्राबाईंनी, आम्हाला रात्रीचं जेवण घातलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. नंदाचे नवरात्राचे उपास, ती भगर खात बसली. ओन्नीनं ठेचा बोटानं चाखला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि आणखी मागितला. पण तांब्याला हात लावीना. दुपारी तिनं टँकरपुढची घागरींची रांग बघितली होती. सुभद्राबाईंच्या ते लक्षात आलं.

"त्यांना सांगा वो, पानी प्या म्हनावं. पाव्हन्याला पानी न्हाई म्हनायची येळ अजून न्हाई आली," त्या म्हणाल्या. मी सांगितलं. मग ती गटागटा दोन पेले प्याली, आणि आम्ही सगळ्या हसलो.

जेवणानंतर रुक्मिणनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. मागच्या वर्षी तिला हरवलेली संभाजीनगरची पोरगी, डावखुरी. "हिच्याम्होरं माझे हातच गळतेत," रुक्मिण म्हणाली. "बॉल कुठून यील कळतच न्हाई." ओन्नीनं तो व्हिडिओ एकदा बघितला, दोनदा बघितला. मी झोपायला गेले तरी बघतच होती. मला वाटलं, म्हातारीला करमत नाही.

खंडेनवमी

सकाळी मी उठले ती पोरींच्या गलक्यानं. हॉलमध्ये पाटावर सगळी हत्यारं मांडली होती: विळे, खुरपी, कुऱ्हाड, दुधाचं माप, फॅटच्या मशीनची काचेची नळी. आमच्याकडे पुण्यात लोक या दिवशी स्कूटर पुसतात आणि हार घालतात, तेवढ्यावर भागतं. इथे ज्यानं पोट भरतं ते सगळं पाटावर येतं. आणि मधोमध, झेंडूच्या फुलांत, ओन्नीची बॅट.

तिची बॅट आपल्यासारखी नव्हती. पेन धरावं तशी धरायची, आखूड दांड्याची, एकाच बाजूला रबर. पिशवीतून काढून आणलेली. रबरावर ओलं हळदकुंकू, बोटबोट जाड. आणि हळदीखाली काहीतरी चमकत होतं.

"तेल?" मी विचारलं.

"खोबऱ्याचं," रुक्मिण खुशीत म्हणाली. "विळ्याला लावतो की आमी, गंजू नये म्हून. आमच्या बॅटींलाबी दरसाल लावतो. ही पाव्हन्यांची, म्हून जास्त लावलं!"

त्यांच्या बॅटींची रबरं झिजून पाटीसारखी गुळगुळीत झालेली, त्यांना तेलानं काय होणार? पण ओन्नीचं रबर म्हणजे सगळा खेळ त्याच्या पकडीवर. तेल प्यालेल्या रबरावर बॉल नुसता घसरतो. दुसरं रबर तिनं आणलं नव्हतं. ती सुट्टीला आली होती, स्पर्धेला नाही. नंदा संकलनाचं काम आटोपून आली, पाटाकडे बघितलं आणि मटकन खालीच बसली. "अगं भवान्यांनो! कावून केलंत गं हे?" रुक्मिणचं तोंड एवढंसं झालं. काय चुकलं ते तिला कळलं नव्हतं, पण काहीतरी भयंकर चुकलंय एवढं कळलं होतं.

ओन्नी दारात येऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

ती आत आली, पाटापुढे उकिडवी बसली. बॅटीवरचं फूल उचलून बघितलं आणि होतं तिथे परत ठेवलं. मग मला म्हणाली, "संघातल्या मुली जिंकून आल्या की वर्तमानपत्रवाले त्यांच्या बॅटींचे फोटो काढायचे. माझी बॅट मी टॉवेलात गुंडाळून पलंगाखाली ठेवायचे."  "ह्यांना विचार, हे पुसायचं असतं का?"

रुक्मिण घाईघाईनं म्हणाली, "उद्या दसऱ्याला उचलायचं. तवर हात लावायचा न्हाई."

"मग राहू दे," ओन्नी म्हणाली. "आणि सुमन, दुपारी मी बोलणार आहे. तू जसंच्या तसं सांगायचं."

दुपारी हॉल भरला. पुरुष खुर्च्यांवर, बायका खाली सतरंजीवर. चेअरमन भाऊसाहेबांनी ओन्नीला शाल-श्रीफळ दिलं, फेटा बांधला. फेट्याखाली ओन्नी दिसेनाशी झाली. भाऊसाहेब माणूस वाईट नाही. दोन महिने टँकरच्या मागे बीडच्या कचेऱ्यांत चकरा मारून त्यांचा घसाच बसला होता. ते म्हणाले, "जनावर जगलं तर संस्था जगंल. पर इतक्या लांबून विश्वविजेत्या आल्या, तर आधी त्यांचे दोन शब्द."

ओन्नी उभी राहिली. ती चारच वाक्यं बोलली, आणि बसली नाही, माझ्याकडे बघत उभी राहिली.

आता खरं सांगते. मला वाटलं, बदलून सांगावं. कोणाला कळणार होतं तिथे? 'मुलींना खेळू द्या, खेळानं देश मोठा होतो,' असलं काहीतरी फेकलं असतं, टाळ्या पडल्या असत्या. बावीस वर्षं मी साहेब लोकांच्या शिव्यांचं मऊ मराठी केलंय, मला काय अवघड? समोर नंदा बसलेली, डोळ्यांत प्राण आणून. पण माझंही आयुष्य दुसऱ्याच्या तोंडचं बोलण्यात गेलंय, आणि त्या बाईचं दुसऱ्याच्या हातानं खेळण्यात. ती आयुष्यात एकदा स्वतःचं काहीतरी बोलली, तेही मी बदलायचं? नाही झालं माझ्यानं.

"त्या म्हणतात," मी सुरुवात केली, नंदाकडे बघायचं टाळलं. "त्या म्हणतात, मी विश्वविजेती नाही. देशासाठी मी एकही सामना खेळलेले नाही. अकरा वर्षं मी दुसऱ्यांची नक्कल केली, आमच्या मुलींना सराव मिळावा म्हणून. फ्लेक्सवरचं खोटं आहे." आणि पुढचं मी माझ्या पदरचं घातलं: "ते खोटं माझ्यामुळे झालं."

 मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी ही बिनकामाचीच बाई म्हना की बे!" चार-दोघं हसले. भाऊसाहेबांनी फ्लेक्सच्या दिशेनं बघितलं, मग नंदाकडे, आणि त्यांचं तोंड आवळत गेलं. नंदानं मान खाली घातली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

ओन्नीनं फेटा काढून खुर्चीवर ठेवला. एका पोरीची साधी बॅट मागून घेतली, डाव्या हातात धरली, आणि रुक्मिणला बोटानं बोलावलं.

सर्व्हिस करायच्या आधी तिनं टेबलाच्या कोपऱ्याला तळवा पुसला. बॉलवर फुंकर मारली. डावा खांदा किंचित उचलला. तेवढं बघूनच पोरी ओरडल्या, "आगं, तीच हाय! संभाजीनगरची!" एकसष्ट वर्षांची बाई बघता बघता सतरा वर्षांची डावखुरी पोरगी झाली. मी व्हिडिओ पाहिला होता, म्हणून सांगते: चालसुद्धा तीच.

रुक्मिण पांढरीफटक. पहिला गेम तीन-अकरा. तिला बॉल दिसतच नव्हते. भाऊसाहेब पुटपुटले, "आपल्याच पोरीला हरवायला आनली का काय हिला?" दुसरा गेम सहा-अकरा. ओन्नी मध्येच थांबायची, रुक्मिणचा पाय पकडून दीड वीत मागे सरकवायची, आणि परत ती डावखुरी व्हायची. घामानं तिचं पोलकं, म्हणजे तिचा तो सदरा, पाठीला चिकटला होता. तिसऱ्या गेमला रुक्मिण पाय मागे ठेवून थांबायला शिकली. नऊ-नऊ. दहा-नऊ. आणि शेवटचा बॉल रुक्मिणनं टेबलाच्या कोपऱ्यावर असा मारला की ओन्नीची बॅट हवेतच राहिली. तो तिनं मुद्दाम सोडला नव्हता. मी तिला विचारलंय नंतर, चिडली माझ्यावर.

पोरींनी हॉल डोक्यावर घेतला. आणि मग खालच्या सतरंजीवरून सुभद्राबाई बोलल्या. उठल्याही नाहीत, डोक्यावरचा पदर सारखा करत, शेजारणीला सांगावं तसं.

"ही बाई म्हंजी सुईन हाय," त्या म्हणाल्या. "पोरगं दुसरीचं, कळा दुसरीच्या, नाव बापाचं. पर तिच्याबिगर अडतंय. बिनकामाची कावून म्हनता? मला सात पोरं झाली, पाच वाचली, ती सुईनीमुळंच वाचली."

कुणी हसलं नाही.

"माझ्या दोन म्हशी हायत, भाऊसाहेब. कुट्टी मलाबी पायजे. कुट्टी ठिवा हितं. पर एक टेबल ऱ्हाऊ द्या. पेंडीची पोती जास्त झाली तर माझ्या ओसरीवर धा ठिवते. एक बी दाना हलायचा न्हाई." मागून आणखी दोघी म्हणाल्या, आमच्यात पाच, आमच्यात चार. भाऊसाहेबांनी घसा खाकरला, बराच वेळ खाकरला. शेवटी म्हणाले, "एक टेबल. भिंतीला लावून. आन्‌ लिहून घ्या ठरावात, न्हाई तर मीच इसरंल." सगळ्यांनी हात वर केले. नंदा रडत होती, आणि रडता रडता ठराव लिहीत होती.

दसऱ्याला आम्ही निघालो. रुक्मिणनं आपट्याची पानं ओन्नीच्या हातात दिली, पाया पडली, आणि बॅट पाटावरून उचलून दोन्ही हातांनी दिली. "चुकलं माझं," म्हणाली. ओन्नीनं ती बॅट हळदीसकट टॉवेलात गुंडाळली. माझं अंग ठेचून काढल्यासारखं दुखत होतं, तिचा डावा हात वरच होत नव्हता. एसटीत दोघी एकमेकींच्या खांद्यावर पडून झोपलो. फाट्यावर फ्लेक्स तसाच होता. 'विश्वविजेत्या' या शब्दावर कुणीतरी पेंडीच्या पोत्याचा तुकडा चिकटवला होता, त्याचं एक टोक सुटून वाऱ्यावर फडफडत होतं.

सगळं गोडच झालं असं समजू नका. ओसरीवरच्या पोत्यांना घुशी लागल्या, महिन्याभरात ती परत हॉलमध्ये आली. खेळण्यापुरती जागा सोडून टेबलाच्या तिन्ही बाजूंनी छतापर्यंत कुट्टी. पोरी खेळता खेळता शिंकतात म्हणे. परतीचा पाऊसही आला नाही. पण टेबल आहे, आणि रुक्मिण रोज सकाळी दूध घालून झालं की दीड वीत मागे पाय ठेवून उभी राहते.

परवा स्पर्धा झाली. नंदाचा फोन आला तसा मी लगेच कोरियाला लावला. ओन्नी परत जाऊन दोन महिने झाले होते.

"डावखुरीला हरवलं," मी म्हटलं. "तीन-एक."

पलीकडे ती काहीतरी म्हणाली ते मला नीट ऐकू आलं नाही, बहुतेक स्वतःशीच बोलली. मग म्हणाली, "आणि पुढे?"

"पुढच्या फेरीत हरली. कोणी नवीन मुलगी आहे, लांब उभी राहून नुसती बॉल खालून कापत परत देत बसते. रुक्मिण म्हणते, हिच्यापुढे हात गळतात."

"व्हिडिओ आहे?"

"आहे."

"पाठव. आज रात्रीच पाठव. पुढच्या दसऱ्याला मी येतेय, त्याच्या आत जमलं पाहिजे मला." मग तिनं विचारलं, "ती उजवी आहे की डावी?"

"उजवी."

"बरं झालं," ओन्नी म्हणाली. "माझा डावा खांदा अजून दुखतोय."